क्रेडिट्स संपल्यानंतरचा नगर जिल्हा

शिर्डी झालं. शनिशिंगणापूर झालं. वेळ उरला म्हणून नगरचा चांदबिबी महालही बघून झाला (जो खरं तर चांदबिबीचा नाहीच, सलाबतखानाची कबर आहे!). मोबाइलमध्ये दोनशे फोटो, पिशवीत पेढे आणि सोमवारी ऑफिसात फेकायला एक वाक्य तयार : 'नगर जिल्हा कव्हर केला यार!'

एक मिनिट, बॉस. शाळेत असताना घरच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून ज्यांनी रात्र-रात्र पोकेमॉन खेळलाय, त्यांना विचारा. शेवटचा बॉस हरला, सगळ्यांची नावं स्क्रीनवर सरकत गेली, म्हणून काय गेम संपतो? खरी मजा तर तिथून सुरू होते.

१९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये सेरुलियन शहराबाहेर एक गुहा आहे. गेमच्या सुरुवातीलाच तुम्ही तिच्या जवळून जाता, पण दारातला माणूस काही केल्या आत सोडत नाही. आधी चॅम्पियन व्हा, मग या! आत बसलेला असतो म्यूटू, लेव्हल ७०. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर अख्खा डोंगरच आहे, माउंट सिल्व्हर. सोळाच्या सोळा बॅज मिळवल्यावर तिथली वाट उघडते आणि आत उभा असतो रेड, म्हणजे आधीच्या गेममधले तुम्हीच. तो एक शब्द बोलत नाही. नुसती टिंबं. मग थेट लढाई. 'ड्रॅगन क्वेस्ट' ही जपानी मालिका तर त्याहून जुनी, १९८६ ची. तिच्या १९९२ मधल्या पाचव्या भागात गोष्ट संपल्यावर एक नवं भुयार उघडतं आणि त्याच्या तळाशी एस्टार्क नावाचा राक्षस चक्क झोपलेला असतो. त्याला उठवायची काही म्हणजे काही गरज नसते. लोक उठवतातच.

या जागांना म्हणतात पोस्ट-गेम डंजन. ऑप्शनल. गोष्टीला त्यांची गरज नाही. जग वाचवून झालंय, व्हिलन खलास झालाय, तुम्हाला कुणीही कुठेही पाठवलेलं नाही. तरी जायचं. नोकरी लागली, कन्फर्मेशन झालं, गाडीचा हप्ता सुरू झाला आणि 'आता पुढे काय?' असं ज्यांना रविवारी संध्याकाळी वाटतं, त्यांना या जागांचं आकर्षण वेगळं समजावून सांगायला नको.

नगर जिल्ह्याने (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) हा सगळा 'शेवटानंतरचा' माल एकाच तालुक्यात भरून ठेवलाय. अकोले तालुका, जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, सह्याद्रीला टेकलेला कोपरा. पॅकेज टूरवाले इथे आलेच तर भंडारदऱ्यापर्यंत येतात. १९१० ते १९२६ या काळात बांधलेलं विल्सन धरण, रंधा धबधबा, तलावाकाठी गरमागरम भजी, झालं! ते छानच आहे, त्यात वाद नाही. पण ही फक्त क्रेडिट्सची पाटी.

मुंबईहून घोटीमार्गे येताना बारी गावाजवळ उजवीकडे जो डोंगर अंगावर येतो, तो कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे थोडा दम असलेला कुणीही तीन-चार तासांत वर पोचतो. वीकेंडला तर शिड्यांवर अक्षरशः लोकलसारखी रांग. ही सेरुलियनची गुहा म्हणा हवं तर, पण दारातला माणूस रजेवर गेलेली! रतनवाडीत अमृतेश्वराचं सुंदर जुनं मंदिर आणि डोक्यावर रतनगड. त्याच्या माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसून वारा खायचा. तो एका दिवसाचा मामला.

खरं डंजन हवं असेल तर साम्रदला जा. गावाशेजारीच जमीन फाटल्यासारखी सांदण दरी सुरू होते. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि मध्ये काही ठिकाणी इतकी चिंचोळी वाट की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. मध्येच कमरेएवढं गार पाणी. पुढे मोठमोठे धोंडे आणि मग असे टप्पे, की दोराशिवाय उतरता येत नाही. दोर आणि जाणकार सोबत नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. पावसाळ्यात तर आत पाऊलही टाकायचं नाही. वरच्या डोंगरावरचं पाणी याच फटीतून जातं.

आणि मग हरिश्चंद्रगड. पाचनईच्या वाटेने दोन-अडीच तासांत वर. आधी लागतं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथेच रचला म्हणतात. मंदिराच्या जवळच केदारेश्वराची गुहा. गेम डिझायनरला सांगितली असती तरी त्याने अशी काढली नसती! काळोख्या लेण्यात मधोमध मोठं शिवलिंग, भोवती बर्फासारखं पाणी, आणि छताला लागणाऱ्या चार खांबांपैकी आता एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग संपलं, असं गावात सांगतात. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालताना नजर आपसूक त्या खांबाकडे जाते.

पलीकडे कोकणकडा. आत वळलेली प्रचंड भिंत आणि खाली थेट कोकण. पावसाळी धुक्यात नशीब असेल तर तिथे गोल इंद्रधनुष्य दिसतं, मध्ये आपलीच सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रजाने १८३५ मध्ये त्याची नोंद केली होती. कड्यावर पोचलं की ग्रुपमधला सगळ्यात बडबड्या मेंबरही टिंबांवर येतो. (ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्यांचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच गेमने सांगितलेलं नाही.)

यानंतरही कुणाची खाज शिल्लक असेलच, तर कळसूबाईवरून पश्चिमेला बघा. अलंग, मदन, कुलंग. नाशिकच्या हद्दीवरचं हे त्रिकूट. काही ठिकाणी जुन्या पायऱ्याच तुटलेल्या आहेत, इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या म्हणतात. दोर, वाटाड्या आणि दोन दिवस हाताशी नसतील तर नुसतं लांबून बघावं. हाच तो रेड.

गेमची उपमा इथवर छान चालते. पुढे ती फसते. गेममध्ये हरलात तर आधी सेव्ह केलेल्या जागी परत येता. शिवाय हा सगळा ऑप्शनलचा हिशेब फक्त आपला, शहरातून येणाऱ्यांचा. बारीच्या लोकांसाठी कळसूबाई ही पिकनिक नाही, देवी आहे; नवरात्रात घरचे म्हातारेही वर जातात. पाचनई-साम्रदकडच्या महादेव कोळी घरांमध्ये आपल्या ट्रेकवर रोजी चालते. आणि प्रवरेचं पाणी खालच्या उसाला जातं, तर धरणाच्या वरच्या काही वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे चमकतात, तर ते बघायला आपण इतक्या गाड्या आणतो की हेडलाइटच्या उजेडात काजवेच दिसेनासे होतात. काजव्याला मादी शोधायला अंधार लागतो राव!

तेव्हा शक्यतो आडवारी जा, सुट्टी टाकून. वनखात्याचा नाका लागेल, पावती घ्या, मुक्कामाचे नियम तिथेच विचारा, ते बदलत असतात. वाटाड्या गावातलाच घ्या. आणि वर निघण्याआधी पाचनईत जेवण सांगून ठेवा, पिठलं-भाकरी आणि ठेचा. माणसं किती, हे मावशी विचारतीलच. उतरणार कधी, तेही विचारतील. ते नीट सांगा, कारण ते फक्त भाकरी टाकायला नसतं. अंधार पडूनही तुम्ही आला नाहीत, तर घरातल्या पोरांनी बॅटऱ्या घेऊन कधी निघायचं, हे त्यावरूनच ठरतं.