म्हणे, आठवड्याला किती?

बिग बॉस मराठी मी आयुष्यात पहिल्यांदा सलग पाहिलं ते 2024 च्या पावसाळ्यात, सांगलीला विश्रामबागेत, अक्काच्या घरी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं होतं. भाचा कंपनीत, भाचेसून शाळेत, आणि मी बँकेतून नुकतीच निवृत्त. म्हणजे फुकटात मिळणारं माणूस मीच. साताऱ्याहून बॅग भरून आले. रात्री नऊ वाजले की अक्काचा पाय उशीवर, रिमोट हातात आणि घरात बाकी सगळ्या विषयांना सुट्टी.

कार्यक्रम मला आधी कळलाच नाही. माणसं भांडतात, रडतात, जेवणावरून रुसतात आणि शनिवार-रविवारी रितेश देशमुख ‘भाऊच्या धक्क्या’वर येऊन सगळ्यांची हजेरी घेतो. एवढं चार दिवसांत समजलं. चक्रावून गेले ते निराळ्याच गोष्टीनं. पडद्यावर कुणीही आलं की सोफ्यावरून प्रश्न यायचा, “ह्याला आठवड्याला किती देत असतील गं?” आणि उत्तर लगेच हजर. लाखात, दशांश चिन्हासकट.

मी सगळी नोकरी साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत काढली. आधी कॅश, नंतर कर्ज विभाग. कुणाच्या खात्यात किती आहे, कुणाचा हप्ता थकला, कुणी बायकोला न सांगता मुदत ठेव मोडली, हे सगळं रोज डोळ्यांखालून जायचं आणि संध्याकाळी शटरबरोबर तिथंच ठेवून यायचं. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. एकदा जाऊबाईंनी आडून विचारलं होतं, तर वर्षभर अबोला पत्करला, पण बोलले नाही. आणि इथं गुडघ्याला बर्फ लावत बसलेली माझी सख्खी बहीण, इचलकरंजीच्या धनंजय पोवारला घरचा एवढा फर्निचरचा धंदा असताना ह्या भानगडीत पडायची काय गरज होती, यावर ताळेबंद पाहिल्यासारखी बोलत होती.

“अक्का, तुला कुणी सांगितलं?”

“ग्रुपवर आलंय की.”

ग्रुप म्हणजे आमच्या माहेरचा. त्याच ग्रुपवर जुलैअखेरीस आयर्विन पुलाची पातळी तासातासाला येत होती. कृष्णा चाळीस फुटांच्या आसपास खेळत होती. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी साताऱ्याची म्हणून मला विचारणा, कोयनेतून किती सोडलंय? आणि दोन पातळ्यांच्या मधे कुणातरी स्पर्धकाचं मानधन. पातळी चुकली की लगेच कुणीतरी पुलावर उभं राहून फोटो टाकायचं. मानधन चुकलं की कुणी काही टाकायचं नाही, फक्त नवा आकडा यायचा.

सवय जाईना म्हणून मी औषधांच्या वहीत मागच्या पानापासून नोंदी सुरू केल्या. तारीख, नाव, रक्कम, कुणाकडून. शेवटच्या रकान्यात नेहमी एकच मजकूर यायचा: ‘सूत्र’. कधी ‘शूटिंगवाल्याच्या ओळखीचा’. एकाच माणसाचं मानधन एका आठवड्यात दुप्पट झालं आणि पुढच्या आठवड्यात निम्म्याखाली आलं. माणूस तोच, घर तेच, भांडणंही तीच. भाच्यानं वही पाहिली आणि पोट धरून हसला. “मावशी, हे लोक करारावर सही करून आत जातात. आकडा बाहेर सांगायचा नाही अशी अट असते. मग कोण सांगणार खरं?”

“मग तुम्ही रोज बोलता ते काय?”

“ते वेगळं.”

मी त्याला विचारलं, “बरं, तुझा पगार आता किती झाला?” त्यानं चहाचा कप उचलला आणि आत गेला. सख्ख्या मावशीला हे उत्तर.

खरी आर्थिक बाजू कळली ती त्याच्या मित्रामुळे. त्याला सांगली-मिरज रस्त्यावर जिम काढायची होती आणि उद्घाटनाला जुन्या पर्वातला कुणीतरी ‘चेहरा’ हवा होता. एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन आमच्या हॉलमध्ये बसला आणि आलेला मेसेज त्यानं वाचून दाखवला. रिबीन कापणार, वीस मिनिटं थांबणार, एक रील करणार. रील स्वतःच्या खात्यावर टाकायचं तर पैसे वेगळे. गाडी पुण्यापासून, बरोबर दोन माणसं, दुपारचं जेवण आणि निम्मे पैसे आधी. रक्कमही होती. ती मी सांगत नाही. पण हा पहिला आकडा होता ज्याच्यामागे व्यवहार होता, आणि गंमत म्हणजे तो पाहून खोलीतल्या सगळ्यांची तोंडं पडली. आठवड्याचे अमुक लाख ऐकून झालेल्या माणसांना तो फारच किरकोळ वाटला.

मित्र मात्र घासाघीस करत होता. समोरच्याचं म्हणणं, आत असताना आठवड्याला एवढे मिळत होते, आता ह्याच्याखाली परवडत नाही. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रुपवर फिरणारा फुगलेला आकडा निव्वळ रिकामटेकड्यांची करमणूक नव्हता, तो त्या माणसाच्या दुकानाचा भावफलक होता. आतलं मानधन मोठं असल्याची बोलवा जितकी पक्की, तितकी बाहेरची सुपारी मोठी. मग खोडून कोण काढणार? काढणाऱ्याचंच नुकसान. दहीहंडी, गणपती, नवरात्र, लग्नसराई, नवी शोरूम, आमदारांचा वाढदिवस, यांवर वर्ष निघतं. पुढचं पर्व आलं की चेहरे नवे येतात आणि फलकावरचा भाव उतरतो. कर्ज विभागात अशा उत्पन्नाला आम्ही ‘अनियमित’ म्हणायचो आणि तारण मागायचो.

भाचेसुनेचं माहेर विट्याचं. त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा, कारण तिसऱ्या पर्वाचा विजेता विशाल निकम तिच्या तालुक्यातला, देविखिंडीचा. दख्खनचा राजा जोतिबा या मालिकेत जोतिबा झालेला तो. 2021 च्या डिसेंबरात महेश मांजरेकरांनी त्याचं नाव पुकारलं आणि 20 लाख जाहीर झाले. “मावशी, आमच्याकडं त्या रात्री फटाके,” ती सांगायची. “आणि दुसऱ्या दिवसापासून हिशोब सुरू. वीस लाखांत हे करील, ते करील. माझ्या वडिलांनी तर पंप कुठला बसवावा तेपण ठरवून ठेवलं होतं.” घरात असताना त्यानं कुणा मुलीचं नाव घेतलं होतं, ती खरी की खोटी यावर विट्याच्या बायकांनी किती दुपारी घालवल्या, तेही तिनं रंगवून सांगितलं. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

6 ऑक्टोबरला पाचव्या पर्वाचा शेवट झाला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला. नीरा ओलांडली की आमचा सातारा जिल्हा, त्यामुळे मीही नकळत बाजू घेऊन बसले होते. आईवडील नसलेला, शाळा अर्धवट सुटलेला, टिकटॉकवर लोक ज्याला हसले, तो पोरगा ट्रॉफी घेऊन उभा होता. अक्का चक्क रडली. जान्हवी किल्लेकरनं शेवटच्या टप्प्यात 9 लाखांची बॅग उचलून बाहेर पडणं पसंत केलं होतं, त्यावर आधी घरात दोन तट पडले होते. मी बॅगेच्या बाजूची. हातातली मुद्दल, दुसरं काय.

सूरजला मिळाले 14 लाख 60 हजार. शिवाय दागिन्यांचं 10 लाखांचं व्हाउचर आणि इलेक्ट्रिक बाइक. अक्कानं लगेच बेरीज केली. मी औषधाच्या बिलाची पाठ घेतली. स्पर्धेतल्या बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर. देणाऱ्यानंच तो आधी कापायचा, म्हणजे 4 लाख 38 हजार गेले. वर कराच्या 4 टक्के उपकर, 17 हजार 520. राहिले 10 लाख 4 हजार 480.

“असं कसं?” भाचेसून उसळली. “त्याला दुसरं उत्पन्न नसलं तर? सूट असते ना तेवढ्याला?”

नसते. पगारदाराला जी पायरी-पायरीची सवलत मिळते, ती बक्षिसाला लागू नाही. बक्षीस मिळवायला केलेला खर्चही वजा होत नाही. वस्तूरूपातलं बक्षीस असेल तर तिच्या किमतीवरचा कर भरला गेल्याची खात्री करूनच देणाऱ्यानं ती हातात द्यायची. मग वीस मिनिटं त्या हॉलमध्ये दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. एवढा पावसाळा मी त्या सोफ्यावर काढला, पण खऱ्या आकड्यावर झालेलं तेवढंच एक भांडण. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मी तो हिशोब टाकला. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. पुढे त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सूरजला घर बांधून द्यायचा शब्द दिला, तेव्हा मात्र ग्रुप पुन्हा जागा झाला: किती खोल्यांचं?

अक्का काठीशिवाय चालायला लागल्यावर मी एसटीनं साताऱ्याला परतले. वाटलं, सुटले. पण आमचं गाव या बाबतीत सांगलीच्या पुढं निघालं. कारण साताऱ्याकडे अभिजित बिचुकले आहेत.

2019 चा जून मला लख्ख आठवतो. दुसरं पर्व चालू होतं, मी तेव्हा कर्जाच्या टेबलावर. 21 तारखेला सातारा पोलिसांनी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या सेटवर जाऊन बिचुकल्यांना ताब्यात घेतलं, चेक न वटल्याच्या जुन्या प्रकरणात. ते पुढे जामिनावर सुटून त्याच पर्वात पुन्हा घरात गेले. बँकेत मात्र वादळ. येणारा प्रत्येक जण आधी काउंटरवर वाकून हळूच विचारणार, “मॅडम, त्यांचं खातं आपल्याकडं हाय का?” नव्हतं. असतं तरी सांगितलं नसतं, पण ‘नव्हतं’ हेही सांगायची सोय नसते, त्यामुळे मी गप्प, आणि माझ्या गप्प बसण्यावरून पोवई नाक्यापर्यंत भलतीच बातमी गेली.

त्या दिवसांत सगळं गाव 138 कलमाचं वकील झालं होतं. प्रत्यक्षात चेक परत आला की पोलीस येत नाहीत. बँक मेमो देते, घेणाऱ्यानं 30 दिवसांत नोटीस पाठवायची, देणाऱ्याला 15 दिवसांची मुदत, तरी पैसे आले नाहीत तर महिन्याभरात कोर्टात तक्रार. समन्स निघतं. समन्सला कुणी गेलंच नाही तर वॉरंट. एवढं मी थकबाकीदारांना शेकडो वेळा समजावलं असेल. पण टीव्हीवरचा माणूस म्हटल्यावर मेमो आणि मुदतीत कुणाला रस? लोकांना रक्कम हवी होती आणि ती प्रत्येक पानटपरीवर निराळी होती.

बिचुकल्यांचं एक बरं आहे. ते निवडणुका लढवतात. 2019 ला वरळीत आदित्य ठाकऱ्यांसमोर, 2023 ला कसब्याच्या पोटनिवडणुकीत, 2024 च्या विधानसभेला बारामतीत. आणि अर्ज भरायचा म्हणजे प्रतिज्ञापत्र आलं. नमुना 26. पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, वाहन, सोनं, जमीन, कर्ज, सरकारी देणी, चालू खटले, आणि हे सगळं पतीचं किंवा पत्नीचंही. शपथेवर. निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणीही उघडावं, पैसा लागत नाही. बिग बॉसच्या घरात गेलेल्या कितीजणांचा असा कागद मिळतो?

भाऊबीजेला अक्का सगळा लवाजमा घेऊन साताऱ्याला आली. फराळ झाल्यावर विषय निघालाच. मी म्हटलं, थांबा, अंदाज कशाला, कागदच वाचू. भाच्यानं लॅपटॉपवर प्रतिज्ञापत्र उघडलं. मी चष्मा लावून रकाने वाचायला घेतले. कर्ज प्रस्ताव वाचायची जुनी खोड, त्यामुळे मला खरोखर मजा येत होती: रोकड इतकी तर ठेव इतकी का, ही बाजारभावाची किंमत कुणी ठरवली. तिसऱ्या पानाला भाचेसून चकल्या मोजायला लागली. अक्कानं जांभई दिली.

“ते राहू दे गं. बिग बॉसचे किती मिळाले ते कुठं लिहिलंय?”

“तसं वेगळं नसतं अक्का. वर्षाचं एकूण उत्पन्न असतं.”

“मग काय बघायचं त्यात?”

लॅपटॉप मिटला. भाचेसुनेनं मोबाइल पुढं केला. घरातून बाहेर पडलेल्या कुणीतरी नवी पांढरी गाडी घेतली होती, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू. “पंचवीस लाखांची आहे, रोख दिलेत म्हणे.”

रोख शक्यच नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ज्याचं उत्पन्न उद्घाटनांवर, तो पंचवीस लाख एकरकमी अडकवणार नाही, हप्त्यावरच घेणार, आणि हप्त्यावर असली तर आरसीवर फायनान्सवाल्याचा बोजा चढलेला असणार. सगळे माझ्याकडं बघायला लागले. अक्का सरसावून बसली.

“मग ते कसं बघायचं?”

“नंबरप्लेट दिसतीये का बघा,” मी म्हटलं. “जरा मोठं कर गं.”