यादी कपाटात राहिली

भाईंदर पश्चिमेच्या एका मंडळातर्फे मी आरोग्य शिबिरं भरवायचो. डॉक्टर, देणगीदार आणि नगरसेवक यांच्याशी बोलणं झालं की तयारी झाली, असं मी धरून चालायचो. ज्यांना तपासायचं त्यांनाही विचारायला हवं, हे सुचलंच नाही.

उत्तनच्या कोळीवाड्यातलं शिबिर अजून सलतं. वेळ सकाळी दहाची ठेवली, कारण डॉक्टरांना ती सोयीची होती. त्या वेळी बाया मासळी विकायला गेलेल्या, पुरुष बोटींवर. आली ती म्हातारी माणसं. ‘लोकांना आरोग्याची किंमतच नाही,’ असं मी सगळ्यांसमोर बोललो. ते बोलणं अन्यायाचं होतं. वस्तीतल्या आशा सेविकांना विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा या.

याहून मोठी चूक पुढची. ज्यांची शुगर वाढलेली निघाली, त्यांना आम्ही थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ‘डॉक्टरांना दाखवा’ असं चिठ्ठीवर लिहिलं. कुठल्या डॉक्टरांना, गोळ्या संपल्यावर पुढे काय, हे ठरवलंच नव्हतं. ती यादी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडे पोचायला हवी होती. ती माझ्या कपाटात राहिली. काही महिन्यांनी यादीतल्या एका मावशींच्या पायाची जखम चिघळली. त्यांच्या मुलाने विचारलं, ‘काका, तुम्हाला माहीत होतं ना? मग परत कोणी आलं का नाही?’ मी गप्प राहिलो.

पाठपुरावा करणारी माणसं शोधायला लांब जायची गरज नव्हती. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात गरीब वस्त्यांसाठी आशा आहेत, ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आहे, समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा निधीही धरलेला आहे. मी त्यांना फक्त गर्दी जमवायला बोलवायचो. आपल्याकडे वस्ती आणि रुग्णालय यांच्यामधली साखळी सांभाळणारं कोणी असणं फार गरजेचं आहे. भाईंदरमधलं टेंभ्याचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय महापालिकेने उभारलं, पुढे ते राज्य शासनाकडे गेलं. वस्तीजवळचं केंद्र एकाचं, मोठं रुग्णालय दुसऱ्याचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटायचं, रेशनकार्ड दाखवायचं. हे सगळं जमवता जमवता आजारी माणूस थकतो आणि घरी बसतो. मंडळाने खरं तर तिथे उभं राहायला हवं होतं.

यंदा शिबिर घेणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. तारीख ठरवण्याआधी आशाताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि वस्तीतल्या दोन-चार बाया यांना बैठकीला बोलवा. शिबिर संपलं की रुग्णांची संमती घेऊन यादी त्याच दिवशी केंद्रात पोचवा आणि महिन्याभराने प्रत्येकाच्या घरी जाऊन या.