पाटण येथें एक दिवस

धुळ्याहून सकाळच्या गाडीनें चाळीसगांवीं उतरून जळगांव जिल्ह्यांतील पाटणादेवीस जाण्याचा योग गेल्या माघांत आला. सोबत पदार्थविज्ञान शिकणारा माझा नातू होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेंत चंडिकेचें व महादेवाचें अशीं दोन जुनीं देवळें येथें आहेत. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं याच पाटणांत मठ स्थापिला; त्याविषयींचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला.

महादेवाच्या पायरीवर बसून मी नातवास ‘सिद्धांतशिरोमणी’तील कालमान सांगूं लागलों. निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि त्याचा शतांश त्रुटि. म्हणजे सेकंदाचा सुमारें ३४,००० वा भाग. “वर्गांत ही त्रुटि मी नेहमीं गाळीत असें,” मी म्हणालों, “जें मोजतां येत नाहीं, तें मुलांस कशास शिकवावें?”

“आजोबा, आतां त्याहून सूक्ष्म काळ मोजतात. त्याचें नांव ॲटोसेकंद. एका सेकंदांत ते दहा परार्ध असतात!”

मग त्यानें समजावून दिलें. लेसरचा अत्यंत प्रखर व क्षणिक झोत अर्गॉन वायूंत सोडला, कीं अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर ओढला जातो. प्रकाशलहर उलटतांच तो परत येऊन अणूस मिळतो. त्या वेळीं मूळ प्रकाशाच्या कित्येक पट कंपनांचा प्रकाश बाहेर पडतो. प्रकाशाचे हे वरचे स्वर ॲन लुइलिए यांना १९८७ सालीं फ्रान्समध्यें आढळले. पुढें त्यांतूनच ॲटोसेकंदांचे स्पंद निर्माण झाले, आणि २०२३ चें नोबेल पारितोषिक लुइलिए, पिएर अगोस्तिनी व फेरेन्त्स क्राउस यांस मिळालें.

“मग हवा तोच स्वर उठवितां येतो काय?” मीं विचारलें.

“तुम्ही तंबोऱ्याच्या तारेखालीं दोरा सरकवून जवारी लावतां ना? तसेंच हें. झोतांतले रंग निराळे करून कांहीं पुढें, कांहीं मागें सारले, कीं झोताचा आकार बदलतो, आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनची चालही. मार्गरेट मर्नेन व हेन्री कॅप्टेन यांच्या सहकाऱ्यांसह झालेल्या प्रयोगांत २००० सालीं असा आकार पुनः पुनः बदलून एकच स्वर शेजारच्या स्वरांहून बळकट केला गेला.”

भास्कराचार्यांस हें सारें ठाऊक होतें, असें म्हणणें खरें नव्हे. त्यांनीं काळाचे भाग गणितानें पाडले. यंत्रानें मोजले नाहींत. परंतु जें मोजतां येत नाहीं, त्यास नांव देऊन ठेवणें व्यर्थ नसतें. तें मीं इतकीं वर्षें गाळलें, ही माझी त्रुटि.

चांगदेवांचा मठ आज राहिला नाहीं. मात्र परततांना नातवानें तो कालमानाचा पाठ लिहून मागितला, आणि धुळें येण्यापूर्वीं मीं तो गाडींतच लिहून दिला.