मुद्रेचे रक्षण

आयुष्यभर मुलांस ‘वाचल्यावाचून सही करू नये’ असे शिकविले; आणि निवृत्तीनंतर तोच अपराध मजकडून घडला.

दारव्हा तालुक्यातील आमच्या वडिलार्जित शेताविषयी चुलतघराण्याशी वाटणीचा दावा चालू आहे. आमची कैफियत वकिलांमार्फत ई-फायलिंगने दाखल व्हावयाची होती. नागपुरास असलेल्या पुतण्याने फोनवर सांगितले, ‘‘काका, आधारच्या सहीसाठी आपल्या मोबाइलवर सहा आकडी अंक आला असेल, तेवढा सांगा.’’ मी सांगितला. झाली सही! सायंकाळी प्रत हाती आली, तो आमच्या शाखेच्या वारसांत माझ्या धाकट्या बहिणीचे नावच नाही. पुतण्याचा हेतू वाईट नव्हता. जुन्या कागदावरून घाईने उतरलेली ती चूक. परंतु 2005 च्या दुरुस्तीने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला असता, सख्खा भाऊ तिला वगळतो, असे माझ्या सहीनिशी लिहिले गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुदैवाने कागद अद्याप दाखल झाला नव्हता. ‘‘मग एक नाव घाला की त्यात!’’ असे मी म्हणताच वकील हसले. अंकीय सही मजकुराच्या प्रत्येक अक्षराशी बांधलेली असते. समग्र मजकुरावरून गणिताने एक सारांश निघतो व तो गुप्त किल्लीने मुद्रांकित होतो. पुढे एक काना बदलला तरी तपासणीत मेळ बसत नाही. सबब नवा कागद, नवी सही.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती पडते. तिच्या ठशाने बनावट पत्र सिद्ध होते आणि मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. मुद्रा खरी, लेख खोटा! 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 42 वे कलम हेच बजावते, की प्रमाणपत्रधारकाने आपली गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राखावी आणि ती फुटल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस विनाविलंब कळवावे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही वा पासवर्ड कपटाने वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरीही सहीचे टोकन कारकुनाच्या स्वाधीन करणारे काही, आणि अंक फोनवर सांगणारे मजसारखे काही, आहेतच.

सही कोणाची व मजकूर मागाहून बदलला की नाही, एवढे यंत्र सांगते. सही करणाराने तो वाचला होता काय, हे ते सांगत नाही. ते रक्षण ज्याचे त्यानेच करावयाचे.

दुसऱ्या खेपेस बहिणीस फोन लावून सारी कैफियत मोठ्याने वाचली. पहिल्या कागदाची हकीकतही सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘दादा, माझे नाव पुन्हा एकदा वाचा.’’ मी वाचले, आणि मग अंक स्वतःच्या हाताने घातला.