ठेव ठेवण्यापूर्वीं

संस्कृताच्या अभ्यासकास ‘योगक्षेम’ हा शब्द नवा नाहीं. अप्राप्ताची प्राप्ति म्हणजे योग आणि प्राप्ताचें रक्षण म्हणजे क्षेम. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत योगासाठीं मनुष्य पस्तीस वर्षें झिजतो. क्षेमासाठीं मात्र पस्तीस मिनिटेंहि खर्च करीत नाहीं. बँक कोपऱ्यावर आहे, मॅनेजर बोलायला गोड आहे, शेजारच्या काकांची ठेव तेथेंच आहे, एवढ्या आधारावर निवृत्तीचा सारा पैसा तेथें जाऊन पडतो. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें प्रत्यक्ष प्रमाणाचा उपयोग नाहीं. कारण तिजोरी कोणी उघडून दाखवीत नाहीं, आणि दाखविली तरी आपल्या ठेवी तिच्यांत नसतातच, त्या कर्जाऊ गेलेल्या असतात. उरलें शब्दप्रमाण. पण आप्त कोणास म्हणावें याचा विचार न करतां आपण शेजारच्या काकांस आप्त मानून मोकळे होतों.

राहतां राहिलें अनुमान. त्याची सामग्री बँकेच्या वार्षिक अहवालांत छापलेली असते. अहवालाचीं पहिलीं पानें बहुधा संचालकांच्या रंगीत छायाचित्रांस वाहिलेलीं असतात. तीं उलटून सरळ शेवटच्या बारीक अक्षरांकडे जावें.

पहिला प्रश्न भांडवलाचा. बँक हा परक्याच्या पैशावर चालणारा व्यवहार आहे. शंभर रुपयांच्या कर्जांमागें बँकेचे स्वतःचे, म्हणजे भागभांडवल व गंगाजळी मिळून, दहा रुपये आहेत असें समजा. पहिले दहा बुडेपर्यंत नुकसान भागधारकांचें. अकरावा रुपया बुडाला कीं तो ठेवीदाराचा. कर्जांस जोखमीप्रमाणें वजन देऊन काढलेल्या ह्या प्रमाणास भांडवल पर्याप्तता म्हणतात. लहान नागरी सहकारी बँकांस किमान ९ टक्के व त्यांहून मोठ्यांस १२ टक्के, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिला.

दुसरा प्रश्न कर्जांच्या प्रकृतीचा. नव्वद दिवसांहून अधिक काळ व्याज किंवा हप्ता थकला कीं तें कर्ज अनुत्पादक ठरतें. त्याचे दोन आंकडे असतात, ढोबळ व निव्वळ. बुडिताची तरतूद वजा घालून जें उरतें तें निव्वळ, आणि अध्यक्षांच्या निवेदनांत ठळक अक्षरांत तेंच मिरवतें. मी दोन्ही पाहतों, आणि एका वर्षाचे न पाहतां तीन वर्षांचे ओळीनें मांडतों. एका वर्षाच्या गुणांवरून विद्यार्थ्याची परीक्षा करूं नये हें शाळेंत शिकलों, तें येथेंहि लागू पडतें.

अधिक व्याज हें बँकेच्या बळकटीचें लक्षण, असें मानणारे पुष्कळ आहेत. हा शुद्ध हेत्वाभास होय. ज्यास इतरत्र पैसा मिळत नाहीं तोच अधिक व्याज देऊं करतो, असें अनेकदां दिसतें.

मात्र अनुमानाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. धुरावरून अग्नि ओळखावा हें खरें. पण धूरच लपविला तर? मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेनें ३१ मार्च २०१९ चीं अनुत्पादक कर्जें चार टक्क्यांच्या आंत दाखविलीं होतीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, आणि आरंभीं प्रत्येक खात्यांतून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एकाच गृहबांधणी समूहास सुमारें ६,५०० कोटी, म्हणजे एकूण कर्जांचा जवळजवळ पाऊण हिस्सा, दिलेला होता, आणि तो झांकण्यासाठीं २१,००० हून अधिक खोटीं खातीं रचलेलीं होतीं. २०२२ च्या जानेवारींत ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांस शेवटच्या रकमेसाठीं दहा वर्षांची मुदत सांगण्यांत आली. सत्तरीच्या ठेवीदारास दहा वर्षें म्हणजे काय, हें सांगावयास नको. हा दोष सहकारी बँकांचाच आहे असेंहि नाहीं. येस बँकेनें २०१५-१६ सालचीं अनुत्पादक कर्जें सुमारें ७४९ कोटी दाखविलीं असतां रिझर्व्ह बँकेच्या तपासणींत तीं ४,९०० कोटींहून अधिक निघालीं.

म्हणून आतां मी ‘एकवटलेलीं कर्जें’ ही टीप आवर्जून पाहतों. वीस सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, हें तींत दिलेलें असतें.

माझी धाकटी बहीण गतवर्षीं वडिलोपार्जित घराच्या वांट्याचे चौदा लाख घेऊन आली. आमच्या तालुक्याच्या एका सहकारी बँकेंत ते ठेवावे असा तिचा बेत होता. व्याज राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षां सव्वा टक्का अधिक, आणि अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. मी तेथें किरकोळ भागधारक असल्यानें अहवाल घरीं आलेला होता. भांडवल दंडकापेक्षां जेमतेम वर, ढोबळ थकबाकी तीन वर्षें चढती, आणि वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा तिसरा हिस्सा. लबाडी कोठेंच दिसली नाहीं. अंगांत बळ थोडें, इतकेंच. मीं तिला सारी रक्कम तेथें ठेवूं नको असें सांगितलें. “दादा, तुझ्याच विद्यार्थ्याची बँक, आणि तूंच असें म्हणतोस?” ती दुखावली. मुलगा सालस आहे, आजहि आहे. पण सालसपणास ताळेबंदांत रकाना नसतो.

येथें ठेव विम्याची व्यवस्था उपयोगी पडली. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक व आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर कायदा झाला, आणि १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवींस संरक्षण मिळालें. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख आहे. ती एका बँकेच्या सर्व शाखा मिळून व मुद्दल आणि व्याज धरून आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पतसंस्थांच्या ठेवींस हा विमा मुळींच नाहीं, हें तर त्याहून थोड्यांस.

तेव्हां बहिणीनें साडेचार लाख एका वर्षाच्या मुदतीनें त्या बँकेंत ठेवले, म्हणजे व्याज धरूनहि पांचाच्या आंत राहावें. पांच लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेंत गेले व बाकीचे राष्ट्रीयीकृत बँकेंत.

दिवाळींत अध्यक्ष महाशय नमस्कारास आले. बहिणीचा विषय त्यांनीं काढला नाहीं, पण तो त्यांस कळला होता हें चेहऱ्यावरून दिसत होतें. मीं सरळ त्या वीस कर्जदारांविषयीं विचारलें. “सर, सभेंत हा प्रश्न आजवर कोणीं विचारला नाहीं,” असें म्हणून त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवला, आणि मग तासभर त्यांपैकीं तीन कर्जांची हकीकत सांगितली. ती येथें देण्यासारखी नाहीं. येत्या सर्वसाधारण सभेस मी जाणार आहें, आणि एका भागापुरते पैसे भरून बहिणीनेंहि आपलें नांव सभासदांत घातलें आहे.