मंगळाची उचंत नोंद

शेलूबाजारहून मालेगाव, शिरपूर, रिसोड असा रस्ता धरला की पुढे लोणार येते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास आलेल्या पाहुण्यांना आम्ही बहुधा तेथवर नेतो. पाहुणे सरोवराचे सौंदर्य पाहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाल्यापासून मला मात्र तेथे मंगळ आठवतो.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, निर्माण झाले. पृथ्वीवर अशी विवरे मोजकीच आहेत आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यत्वे बेसाल्टचाच आहे. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे वळतात. येथील पाणी खारट व अल्कधर्मी. तरीही त्यात सूक्ष्मजीव नांदतात. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले.

मंगळावरील जेझेरो विवर सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचे आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी तेथेही सरोवर होते व त्यास नदी मिळत होती. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाचे ‘पर्सिव्हरन्स’ हे यंत्रवाहन तेथे उतरले. जुलै २०२४ मध्ये त्यास एका खडकावर काळ्या कडांचे ठिपके आढळले. पृथ्वीवर तशी खनिजे सूक्ष्मजीवांमुळे बनतात; पण जीवाविना, निव्वळ रासायनिक क्रियेनेही बनू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हाही शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य जीवचिन्ह’ एवढेच म्हटले.

मला यातील हिशेबाची शिस्त भावते. व्हाउचर नसलेली रक्कम आपण उचंत खात्यात ठेवतो. ती जमा धरून ताळेबंद सजवीत नाही. त्या वाहनावर ४३ नळ्या आहेत. त्यांपैकी ५ नळ्या केवळ साक्षीसाठी: पृथ्वीवरून काही अशुद्धी सोबत गेली असेल तर ती त्यांत सापडावी. स्वतःवरच नेमलेला हा लेखापरीक्षक होय.

पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांत डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांची कल्पना नवी नाही. म्हणूनच अशी बातमी येताच ‘आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितले आहे’ असे संदेश फिरू लागतात. श्रद्धेस अशा दाखल्याची गरज नसते आणि विज्ञानास आपल्या घाईचा उपयोग नसतो. ज्या गोष्टीची खात्री शोधणाऱ्यांनीच दिलेली नाही, ती आपण त्यांच्या नावे पक्की करणे हे सत्यव्रतास शोभणारे नाही.

निर्णय आता त्या नळ्यांत बंद आहे. त्या पृथ्वीवर आणून प्रयोगशाळेत तपासल्याविना शंका फिटणे कठीण. परंतु तो खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज निघाल्याने मूळ योजना रखडली. ‘त्यातून मिळणार काय?’ हा प्रश्न व्यापारी घरात उठणारच आणि तो रास्तही आहे. माझे उत्तर इतकेच: कदाचित उत्तर ‘नाही’ असे येईल. तरीही तपासून लिहिलेले ‘नाही’ हे न तपासता लिहिलेल्या ‘होय’पेक्षा मोलाचे असते. तोवर ही नोंद उचंत खात्यातच राहू द्यावी.