विहिरींच्या फाइली

पांढुर्ण्याचं नाव काढलं की लोक गोटमारच विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अल्याड-पल्याड पांढुर्णा आणि सावरगाव उभं राहतं, हे खरंच. पण उन्हाळ्यात तिचं पात्र पाहिलं की मला माझी बँकेतली नोकरी आठवते.

मी बी.कॉम. शेतकी कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. संत्र्याच्या बगीच्यासाठी आधी विहीर, मग मोटार, विहीर आटली की बोअर. प्रत्येक फाईल चोख. खसरा, नकाशा, जामीनदार, दोन विहिरींमधलं अंतर, सगळं तपासायचो. पण या सगळ्या फाइली मिळून जमिनीखालचं किती पाणी उपसणार, हे कधी विचारलं नाही. हिशेब एका शेताचा मांडला, गावाचा नाही.

पुढे वाळलेली झाडं तोडताना एक शेतकरी म्हणाला, "साहेब, हप्ता तं तुमी लिहून देल्ला, पाणी कोण लिहून देईन?"

आता तर पावसाचाही भरवसा नाही. मृग बहारासाठी झाडाला ताण द्यावा, तर पाऊस लांबतो. भादव्यात झड लागली की आंबियाची फळं गळतात.

हद्दीपलीकडचा वरूड तालुकाही संत्र्याचाच. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये तिथल्या लोकांनी स्वतः चर खोदले. नगरकडच्या हिवरे बाजारात ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिकं ठरवते. शेतीला बोअरची तिथं बंदी. आमच्या भाषेत, शिल्लक पाहून चेक फाडायचा.

२०२३ साली पांढुर्णा-सौंसर मिळून जिल्हा झाला. मला वाटलं, आता आपलंही कुणी विचारेल. गावच्या ग्रामसभेत गेलो, तर आराखडा आधीच लिहिलेला! सिमेंट रोड, नाल्या, खाली सह्यांची जागा. मी उभा राहून विचारलं, गावात विहिरी किती, बोअर किती? कुणालाच आकडा माहीत नव्हता. मागे बसलेल्या बायांना मात्र कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, ते तोंडपाठ होतं. त्या सांगत गेल्या, मी वहीत उतरवत गेलो. ही वही पुढच्या आराखड्याला जोडायची, असं ठरलंय.

घरी मुलगा म्हणतो, "बाबा, आपल्या बगीच्यात दुसरा बोअर घेऊ." मी अजून हो म्हटलेलं नाही.